टेकू काढण्याआधी

प्रिय बाळ,


फ्रॉइड आता कालबाह्य झाला, हे तुझ्या रजिस्ट्रारांचं म्हणणं अर्धं खरं आहे. फ्रॉइडचं बरंचसं लिखाण आता जुनं झालं आहे आणि ते झालं हे बरंच झालं. बायकांच्या मनाबद्दल त्यानं जे लिहिलं त्यातलं पुष्कळ व्हिएन्नातल्या सुखवस्तू घरांपुरतं होतं. मूल कुठल्या वयात कुठल्या अवस्थेतून जातं याचं त्यानं आखलेलं वेळापत्रकही बालविकासाच्या अभ्यासकांनी केव्हाच बाजूला ठेवलं. १९८० साली डीएसएम या अमेरिकन निदानपुस्तिकेची तिसरी आवृत्ती आली तेव्हा निदानाच्या यादीतून मनोविश्लेषणाची भाषा जवळजवळ पुसली गेली. एकाच पेशंटला पाहून दोन डॉक्टर दोन निदानं करत होते. असं किती दिवस चालणार होतं? तेव्हा पाच मार्कांची टीप लिहायची आणि फ्रॉइड मिटवून ठेवायचा, ही तुमच्या मानसोपचार विभागातली रीत मला समजते.

पण तुझा प्रश्न टिपेचा नाही. रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षी मॅडमच्या सुपरव्हिजनखाली एक पेशंट वर्षभर, दर आठवड्याला, सायकोडायनॅमिक, म्हणजे मनोविश्लेषणातून आलेल्या पद्धतीनं पाहायला घ्यावा का, असं तू विचारलंस. घे. पुढे तू आयुष्यभर गोळ्याच लिहून देणार असलीस तरी घे. त्या एका केसमध्ये जे ऐकायला शिकशील ते दहा मिनिटांच्या फॉलोअपमध्येही तुझ्याबरोबर राहील.

आपल्याकडे थेरपी म्हटलं की आता विवेकनिष्ठ उपचारपद्धती (आरईबीटी) आणि सीबीटी आठवतात. किशोर फडके यांनी आरईबीटी भारतात रुजवली, डॉ. आनंद नाडकर्णींनी ती मराठी घरांत बोलायच्या भाषेत नेली. त्यातून असंख्य माणसांचं भलं झालं आहे, त्यात मला कमीजास्त करायचं नाही. एवढंच लक्षात ठेव की या पद्धतींचे जनक अल्बर्ट एलिस आणि ॲरन बेक हे दोघेही मनोविश्लेषणात तयार झालेले होते आणि मग त्यातून बाहेर पडले. विचार बदलला की भावना बदलते, हे त्यांनी दाखवलं. पण काही पेशंट तुझ्यासमोर बसून विचार नीट तपासतील, वहीत लिहून आणतील, तुझं सगळं पटलं म्हणतील, आणि तरी जिथे होते तिथेच राहतील. तू जी पद्धत शिकू पाहते आहेस ती अशांसाठी आहे.

फ्रॉइडपासून मेलनी क्लाइन, विनिकॉट, बोल्बी, आजचा पीटर फॉनागी, यांचे आपसांत कडाक्याचे वाद आहेत. तरी एका गोष्टीवर ते एकत्र येतात: लक्षण त्या माणसासाठी काहीतरी काम करत असतं. कललेल्या भिंतीला लावलेला टेकू वाटेत येतो, त्याला पाय अडखळतो, घर कुरूप दिसतं. पण तो उपटायचा तर भिंतीचं काय करायचं हे आधी ठरवावं लागतं. लक्षणाचं कामही असं असू शकतं, आणि पेशंटला स्वतःला ते ठाऊक नसतं. ते नेणिवेत चालतं. तो लपवत नाही, खोटं बोलत नाही; त्याला खरोखर माहीत नसतं. ही शेवटची गोष्ट मनात पक्की बसली नाही तर उरलेलं सगळं शिकून उपयोग नाही.

तुझ्या कॅज्युअल्टीत रोज दिसणारं उदाहरण घेते. दातखीळ बसलेली, हातपाय झाडणारी, डोळे घट्ट मिटलेली बाई चारजणांनी उचलून आणलेली असते. ईईजी नॉर्मल येतो. मग नर्सपासून इंटर्नपर्यंत सगळ्यांचा सूर बदलतो. ‘नाटक आहे’ असं कोणीतरी तिच्या कानावर पडेल इतक्या मोठ्यानं म्हणतं. नाकाशी अमोनिया धरणं, छातीच्या हाडावर बोटांच्या पेरांनी जोर लावणं, चिमटे काढणं, हे मी कितीतरी ठिकाणी पाहिलं आहे आणि प्रत्येक वेळी मला त्याची चीड आली आहे. बाळ, तुझ्या ड्यूटीत हे होऊ देऊ नकोस. एक साधा ईईजी नॉर्मल आला म्हणून अपस्मार नाही असं ठरत नाही. झटका चालू असताना घेतलेला व्हिडिओ ईईजी भरवशाचा. काहींना अपस्माराची फीट आणि ही मनातून येणारी फीट, दोन्ही असतात. आणि नुसती हीच असली तरी ती त्या बाईनं ठरवून आणलेली नसते.

आता अशा एका बाईची गोष्ट. ही कोणा एकीची नाही, अनेकींच्या गोष्टींतून मी रचली आहे, म्हणजे कोणाचं गुपित बाहेर जाणार नाही. वय तिशीच्या आतबाहेर. आई लहानपणी गेली, धाकट्या भावंडांचं हिनं केलं. ‘आमची ताई कधी वर तोंड करून बोलली नाही’ हे कौतुक घरात वर्षानुवर्षं चालत आलेलं. लग्न झालं, दोन मुलं झाली, सासर बरं. वडील गेल्यावर भावानं तलाठ्याकडची कामं सुरू केली आणि हिनं हक्कसोडपत्रावर सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. ‘भावापुढे जमिनीचं काय एवढं’ असं तीच म्हणाली. काही महिन्यांनी फीट सुरू झाल्या. फीट आली की नवरा आधी भावाला फोन करतो आणि भाऊ गाडी काढून येतो.

हे वाचताना तुझ्या डोक्यात उत्तर तयार झालं असेल. भावाचा राग आहे, तो बोलता येत नाही, म्हणून शरीर बोलतं. हे उत्तर बरोबर असण्याची शक्यता पुष्कळ आहे आणि पहिल्या महिन्यात ते तिला सांगितलंस तर ती परत येणार नाही. ती खरेपणानं म्हणेल, मला भावाचा मुळीच राग नाही. कारण तिच्या मनात रागाची किंमत फार मोठी आहे. राग आला म्हणजे माहेर तुटलं. रक्षाबंधन, भाऊबीज, माहेरची साडी, मुलांचा मामा, नवऱ्यापुढची पत, सगळं त्या एका सहीवर टिकून आहे. भीती खोटीही नाही. वाटा मागितल्यावर माहेर बंद झालेल्या बायका तिच्याच गावात आहेत. फीट येते तेव्हा राग कोणाच्या अंगावर जात नाही आणि भाऊ मात्र येतो. ज्या लक्षणाला आपण निरर्थक म्हणत होतो ते इतकं सगळं सांभाळून उभं आहे.

अशा वेळी थेरपी म्हणजे काय, तर तिला सत्य सांगून टाकणं नव्हे. रागाची कल्पना सहन होईल अशी जागा तिच्यासाठी तयार करायची, हे काम. त्याला महिने लागतात. डेव्हिड मॅलन या इंग्लिश थेरपिस्टनं कामापुरता एक नकाशा काढून ठेवला आहे: एका बाजूला दडलेली भावना, तिची भीती आणि त्या भीतीपासून वाचायची युक्ती, दुसऱ्या बाजूला ती भावना कुठे कुठे दिसते, म्हणजे पूर्वीच्या माणसांशी, आजच्या माणसांशी आणि तुझ्याशी. पाठ्यपुस्तकात हे दोन त्रिकोण म्हणून सापडेल. सगळ्यात जिवंत कोपरा शेवटचा.

तो कसा दिसेल? समज, तू एका आठवड्याची रजा घेतलीस आणि तिला ऐन वेळी कळलं. पुढच्या वेळी ती अर्धा तास उशिरा येते. हसून म्हणते, ‘तुम्ही मोठी माणसं मॅडम, तुम्हाला काय कमी कामं असतात.’ हे वाक्य सोडू नकोस. इथे तिनं भाऊ, वडील, जमीन यांपैकी कशाचंही नाव घेतलेलं नाही, पण जे तिथे घडलं तेच इथे घडतं आहे: आपल्याला न विचारता ठरवलं गेलं, आणि आपण हसून घेतलं. तेव्हा हळूच म्हणायचं, ‘न सांगता रजा घेतली, याचं वाईट वाटलं असेल. रागही आला असेल.’ ती नाही म्हणेल. कदाचित पुढच्या आठवड्यात होय म्हणेल. आणि होय म्हटल्यावर तू चिडत नाहीस, खोली तीच, वार तोच, तू तिथेच आहेस, हे ती पाहील. राग आला तरी नातं राहू शकतं याचा अनुभव तिला आधी तुझ्याबरोबर येतो. माहेरी त्याचं काय करायचं ते तिचं ती ठरवेल. ती वाटा मागेलच असं नाही. न मागताही फीट कमी होऊ शकतात. वाटा मागायला लावणं हे तुझं काम नाही, तुझी स्वतःची मतं कितीही ठाम असली तरी.

याच आजारातून हे शास्त्र जन्मलं; तेव्हा त्याला हिस्टेरिया म्हणत. जोसेफ ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचं हिस्टेरियावरचं पुस्तक १८९५ सालचं. त्यातली ‘ॲना ओ.’ म्हणजे बर्था पापेनहाइम. एकवीस वर्षांची, तल्लख, घरात अडकून पडलेली मुलगी. मरणाला टेकलेल्या वडिलांची शुश्रूषा करता करता तिचा हात लुळा पडला, पाणी पिता येईना, मातृभाषा जर्मन सुटली आणि ती इंग्रजीतच बोलू लागली. ब्रॉयर रोज येऊन तिचं ऐकत बसे आणि एकेका लक्षणाच्या सुरुवातीची आठवण बोलून झाली की ते लक्षण ओसरे, असं पुस्तकात लिहिलं आहे. बोलण्यातून बरं होणं, ही कल्पना आणि तिचं नाव दोन्ही त्या मुलीनं दिलं, डॉक्टरनं नव्हे. हे कितीही वेळा सांगितलं तरी मला पुरेसं वाटत नाही.

पण पुस्तकात न आलेला भागही तुला माहीत हवा. ब्रॉयरचे उपचार १८८२ च्या उन्हाळ्यात थांबले आणि त्याच उन्हाळ्यात बर्था स्वित्झर्लंडमधल्या क्रॉइत्सलिंगेन इथल्या खासगी आरोग्यधामात दाखल झाली होती. तिथले कागद हेन्री एलेनबर्गर या इतिहासकारानं १९७० च्या दशकात उजेडात आणले. त्यानंतरही तिला अनेकदा दाखल व्हावं लागलं. मग हीच बर्था फ्रँकफर्टला गेली, अनाथाश्रम चालवला, देहविक्रयासाठी पळवल्या जाणाऱ्या मुलींसाठी लढली, १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली. ती कशानं बरी झाली हे ठामपणे सांगता येत नाही. केसचा अहवाल लिहिताना शेवट गोड करायचा मोह प्रत्येकाला होतो. तू लिहिशील तेव्हा जे झालं नाही तेही लिही.

डोराची केस जरूर वाच. १९०० सालच्या शेवटी ही अठरा वर्षांची मुलगी फ्रॉइडकडे जेमतेम अकरा आठवडे आली आणि उठून गेली. वडिलांच्या मित्रानं तिला त्रास दिला होता. वडिलांना स्वतःच्या सोयीसाठी ते दिसत नव्हतं. फ्रॉइडनं तिच्या स्वप्नांचे अर्थ झपाट्यानं लावले, ते कमालीचे हुशार अर्थ होते, आणि त्या हुशारीत मुलगी हरवली. पण १९०५ मध्ये ती केस छापताना त्यानं लिहून ठेवलं की तिच्या मनात आपण कोणाच्या जागी उभे होतो हे वेळेवर ओळखता आलं नाही. ट्रान्सफरन्स, म्हणजे पेशंट आपलं जुनं नातं थेरपिस्टशी पुन्हा जगतो तो प्रकार, हा विषय आपल्या हातात आला तो या फसलेल्या उपचारातून.

आपल्या ओपीडीत ट्रान्सफरन्स शोधायला जावं लागत नाही. पेशंट दारातूनच तुला ताई करतो, किंवा देवासारख्या भेटलात म्हणतो. वयानं मोठी बाई तुला ‘बाळ’ म्हणेल आणि मग तिच्या सुनेबद्दल काही विचारायला तुझीच जीभ अडेल. या हाकांना अडवू नकोस, त्या आपल्या बोलण्याचा भाग आहेत. फक्त लक्ष ठेव की कोणती हाक कधी बदलली. ताईची अचानक मॅडम झाली की काहीतरी घडलं आहे.

तुझ्या मनात जे उठेल तेही सामग्री आहे. १९४९ मध्ये विनिकॉटनं थेरपिस्टला पेशंटचा द्वेष वाटू शकतो असं उघड लिहिलं आणि पुढच्या वर्षी पॉला हायमननं मांडलं की थेरपिस्टच्या भावना हे पेशंटचं मन समजण्याचं साधन ठरू शकतं. एखाद्या पेशंटच्या वारी तुला सकाळपासून जड वाटतं, एखाद्याला तू नेहमी दहा मिनिटं जास्त देतेस, एखाद्यासमोर तू मूर्ख आहेस असं वाटायला लागतं. हे नोंदव. सुपरव्हिजनमध्ये बोल. पेशंटजवळ बोलू नकोस. यातलं काही तुझं स्वतःचं, तुझ्या घरातून आलेलं असेल. ते वेगळं काढता यावं म्हणून जमेल तेव्हा तू स्वतःही कोणाकडे तरी थेरपीला जा. खर्च होईल. मी त्यात मदत करीन, संकोच करू नकोस.

हे सगळं परदेशी आहे, आपल्या एकत्र कुटुंबांना लागू नाही, असंही तुला कोणी म्हणेल. त्यांना गिरीन्द्रशेखर बोस यांचं नाव सांग. कलकत्त्याच्या या डॉक्टरनं १९२१ मध्ये दमनावर प्रबंध लिहिला आणि १९२२ मध्ये आपल्या घरीच भारतीय मनोविश्लेषण संस्था सुरू केली. फ्रॉइडशी त्यांचा वर्षानुवर्षं पत्रव्यवहार होता आणि त्यात ते शिष्यासारखे वागले नाहीत. माझ्या भारतीय पेशंटमध्ये तुम्ही म्हणता ती लिंगच्छेदाची भीती तितकी ठळक दिसत नाही, पुरुषांमध्ये स्त्री होण्याची इच्छा मात्र सहज वर येते, असं त्यांनी थेट कळवलं. पुढे सुधीर कक्कर यांनी ‘द इनर वर्ल्ड’ हे पुस्तक १९७८ मध्ये लिहिलं आणि भारतीय बालपण, आईची जवळीक, गुरूची ओढ यांवर आयुष्यभर काम केलं. शेवटची बरीच वर्षं ते गोव्यात राहत होते. २०२४ मध्ये गेले. आपला पेशंट थेरपिस्टकडून गप्प ऐकण्यापेक्षा गुरूसारखा आधार आणि मार्गदर्शन मागतो, हे त्यांचं निरीक्षण तुला पहिल्याच आठवड्यात पटेल. म्हणून पाश्चात्त्य पुस्तकातलं थंड मौन इथे आणू नकोस. थोडं बोल. पेशंटला घरापासून तोडून स्वतंत्र करणं हेच बरं होणं, असं गृहीत धरू नकोस. कोणाला मोकळं होण्यासाठी घर सोडावं लागतं, कोणाला घरातच थोडी जागा मिळाली की पुरते.

आता या पद्धतीनं केलेलं नुकसान. ते मी लपवणार नाही, कारण ते आयांच्या वाट्याला आलं. फ्रीडा फ्रॉम-राइकमन मोठी, दयाळू थेरपिस्ट होती, पण १९४८ मध्ये तिनं स्किझोफ्रेनिया घडवणाऱ्या आईची कल्पना मांडली आणि ती पिढीभर चालली. ब्रूनो बेटलहाइमनं १९६७ मध्ये स्वमग्न मुलांच्या थंड आयांबद्दल पुस्तक लिहिलं. दोन्ही चुकीचं होतं. मुलाच्या आजारानं आधीच मोडलेल्या बायकांना डॉक्टरांनी गुन्हेगार ठरवलं. आपल्याकडे तर घरातली माणसं ते काम करायला तयारच असतात. पेशंटचं बालपण ऐकताना तुझ्या मनात आईचा खटला उभा राहू लागला तर थांब. विनिकॉटला ‘पुरेशी चांगली आई’ हवी होती, निर्दोष आई त्यानं कधीच मागितली नाही.

दुसरी गोष्ट डॉ. राफेल ओशेरॉफ यांची, हे प्रकरण सार्वजनिक आहे. १९७९ मध्ये हे किडनीतज्ज्ञ तीव्र नैराश्यानं अमेरिकेतल्या चेस्टनट लॉज या रुग्णालयात होते. सात महिने त्यांना औषधाविना सखोल मानसोपचार दिले गेले. ते खंगत गेले, येरझाऱ्या घालून पायांना जखमा झाल्या. दुसऱ्या रुग्णालयात औषधं सुरू झाल्यावर काही आठवड्यांत ते सुधारले. त्यांनी खटला भरला, तो तडजोडीनं मिटला, पण आपल्या व्यवसायाला जो धडा मिळायचा तो मिळाला. तू हे नियमासारखं पाळ: उन्माद, सायकोसिस, खाणंपिणं सुटलेलं नैराश्य, आत्महत्येचा धोका, यांत आधी औषध, सुरक्षितता, लागलं तर ईसीटी. हात धुण्याच्या ओसीडीत धुण्याचा खोल अर्थ शोधत बसू नकोस. एक्स्पोजर आणि औषध यांनी तो पेशंट सुधारतो. थायरॉइड, बी-१२ तपासल्याशिवाय कोणाच्याही थकव्याला दडलेलं दुःख म्हणू नकोस. आणि औषध घेणारा पेशंटही बोलायला येऊ शकतो. गोळी गिळताना त्याला काय वाटतं, तू त्याला हाकललंस असं वाटतं की जपलंस, हेही त्याच बोलण्यात येतं.

मग कुठे उपयोग होतो, पुरावा काय? जर्नल क्लबमध्ये तुला हे विचारतीलच. पॅनिकवर बार्बरा मिलरॉड यांच्या गटानं २००७ मध्ये ४९ पेशंटवर चाचणी केली. सायकोडायनॅमिक गटातले ७३ टक्के सुधारले, शिथिलीकरणाच्या गटातले ३९ टक्के. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वासाठी बेटमन आणि फॉनागी यांनी लंडनमध्ये उपचार उभा केला. आठ वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांच्या पेशंटपैकी २३ टक्क्यांनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता, नेहमीच्या उपचारांच्या गटात ७४ टक्क्यांनी. गट लहान होते, हे सांगायला विसरू नकोस. माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखा अभ्यास लंडनच्या टॅव्हिस्टॉकचा, २०१५ सालचा. औषधांना आणि आधीच्या उपचारांना दाद न दिलेल्या नैराश्याचे १२९ पेशंट, अर्ध्यांना अठरा महिने दर आठवड्याला थेरपी. उपचार संपले तेव्हा दोन गटांत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. फरक नंतर वाढला. साडेतीन वर्षांच्या टप्प्यावर थेरपी घेतलेल्यांपैकी ३० टक्के अंशतः तरी बाहेर आलेले होते, दुसऱ्या गटात ४.४ टक्के. म्हणजे सत्तर टक्के बाहेर आले नाहीत, हेही त्याच आकड्यात आहे. पण इतक्या जुन्या, इतक्या चिवट दुखण्यात एवढं होणं मला लहान वाटत नाही.

कामाचं थोडं. खोली आधी मिळव. सरकारी हॉस्पिटलात हे सगळ्यात अवघड असतं. सोशल वर्करची खोली दुपारनंतर रिकामी असते, त्यांना विनव. वार, वेळ, पंचेचाळीस किंवा पन्नास मिनिटं ठरव आणि ती मोड होऊ देऊ नकोस. दारावर कोणी टकटक करणार नाही अशी व्यवस्था कर. मोबाइल बाहेर. बरोबर आलेले नातेवाईक हवे असतात, त्यांना शत्रू करू नकोस. पेशंटच्या देखत सुरुवातीलाच सांग की खोलीतलं बोलणं खोलीत राहील, जिवाला धोका असेल तरच बाहेर येईल. दिवाळीचा डबा, पहिल्या पगाराचे पेढे आले तर घे आणि त्याबद्दल बोल. सोन्याची अंगठी आली तर घेऊ नकोस आणि त्याबद्दलही बोल. स्वप्न सांगितलं तर अर्थ सांगायची घाई नको, सांगताना त्याला काय आठवतं ते विचार. सेशन चालू असताना लिहू नकोस, झाल्यावर पंधरा मिनिटं बसून लिही.

आणि शेवटाचा विचार पहिल्याच दिवशी कर. तुझी टर्म संपणार, तू निघून जाणार. रेसिडेंटच्या थेरपीचं हे सगळ्यात मोठं दुखणं आहे आणि बहुतेक जण ते शेवटच्या सेशनमध्ये, उठता उठता सांगतात. पेशंटला आधी सोडून गेलेल्या माणसांच्या यादीत तुझं नाव घातलं जातं. म्हणून सुरुवातीलाच सांग की मी अमुक महिन्यापर्यंत आहे. शेवटचे तीन महिने त्याच विषयासाठी मोकळे ठेव. त्या काळात गेलेली लक्षणं परत येऊ शकतात, फीटसुद्धा. घाबरून औषध वाढवू नकोस आणि थेरपी फुकट गेली असंही समजू नकोस. फीट येणारी ती बाई जाणाऱ्या माणसाला काहीतरी सांगते आहे, ते ऐक. ती तुझ्यावर रागावली आणि तोंडानं बोलली तर ती कुठवर आली आहे ते तुलाच दिसेल. पुढच्या रेसिडेंटशी तिची भेट तू स्वतः, तिच्या समोर घालून दे.

मॅडमशी या आठवड्यात बोलून घे. पहिली केस म्हणून खूप आत्मघाती किंवा दारू चालू असलेला पेशंट मागू नकोस. नाव, गाव, ओळख पटेल असं सगळं काढून पहिल्या चार सेशनच्या नोंदी पेशंटच्या आणि मॅडमच्या परवानगीनं मला पाठवायच्या असतील तर पाठव. मी समासात लिहून परत करीन. जेवत जा वेळेवर. आईला फोन कर, ती वाट पाहते.

तुझी,
मावशी